इव्हान आयवाझोव्स्की

इव्हान कॉन्स्तांतिनोविच आयवाझोव्स्की (जन्म : २९ जुलै १८१७, फियोदोसिया, क्रिमिया, मृत्यू : २ मे १९००, फियोदोसिया) हे रशियन साम्राज्यातील आर्मेनियन वंशाचे चित्रकार होते. जगातील श्रेष्ठ सागरचित्रकारांमध्ये त्यांची गणना होते. सुमारे साठ वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी सुमारे ६,००० चित्रे काढली. वादळी समुद्र, बुडणारी जहाजे आणि आरमारी लढाया यांच्या चित्रांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. १८५० मधील ‘नववी लाट’ हे त्यांचे सर्वाधिक प्रसिद्ध चित्र होय. मात्र त्यांच्या कलेची दुसरी, शांत बाजू चांदण्या रात्रींच्या चित्रांत दिसते. क्रिमिया, नेपल्स, कॉन्स्टँटिनोपल आणि विशेषतः कालव्यांचे शहर व्हेनिस यांची चांदण्यातील दृश्ये त्यांनी वारंवार रंगवली. समोर पाहून नव्हे, तर स्मरणातून चित्र काढण्याची त्यांची पद्धत या चित्रांमधून घडत गेली. तिने त्यांना कीर्ती दिली आणि त्यांच्यावरील टीकेचे मूळही तिच्यातच होते.

जन्म आणि बालपण

आयवाझोव्स्की यांचा जन्म काळ्या समुद्राच्या काठावरील फियोदोसिया या बंदरात झाला. मध्ययुगात हे बंदर काफा या नावाने जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते आणि त्यांनी बांधलेल्या किल्ल्याचे बुरूज आजही तेथे उभे आहेत. शहरात आर्मेनियन, ग्रीक, तातार, रशियन अशा अनेक समाजांची वस्ती होती. आयवाझोव्स्की यांचा बाप्तिस्मा तेथील आर्मेनियन चर्चमध्ये ‘होव्हान्नेस’ या नावाने झाला. वडील व्यापारी होते. परंतु व्यापारात खोट आल्याने घरची स्थिती बेताची होती. आई ह्रिप्सिमे भरतकामात निपुण होती आणि त्या कामाचा संसाराला आधार होता.

त्यांचा थोरला भाऊ गाब्रिएल लहान वयातच शिक्षणासाठी व्हेनिसला गेला. व्हेनिसजवळच्या सान लाझ्झारो या छोट्या बेटावर आर्मेनियन कॅथलिक भिक्षूंच्या मेखितारी पंथाचा मठ आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी स्थापन झालेला हा मठ आर्मेनियन भाषा, इतिहास आणि ग्रंथमुद्रण यांचे मोठे केंद्र होता. गाब्रिएल तेथेच भिक्षू व विद्वान झाला. त्यामुळे फियोदोसियाच्या या कुटुंबासाठी व्हेनिस हे प्रवासवर्णनांतील दूरचे शहर नव्हते. घरातला एक मुलगा तेथे राहत होता.

लहान होव्हान्नेसचे रेखाटन नगरातील वास्तुविशारद याकोव्ह कोख यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी त्याला चित्रकलेचे प्राथमिक धडे दिले आणि नगरप्रमुख अलेक्सांद्र कझनाचेयेव्ह यांच्याशी त्याची गाठ घालून दिली. कझनाचेयेव्ह यांची सिंफेरोपोल येथे बदली झाली, तेव्हा तेथील विद्यालयात मुलाच्या शिक्षणाची सोय झाली. पुढे हितचिंतकांच्या शिफारशीमुळे १८३३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील शाही कला अकादमीत त्याला सरकारी खर्चाने प्रवेश मिळाला.

अकादमीतील शिक्षण

अकादमीत आयवाझोव्स्की निसर्गचित्राच्या वर्गात मक्सिम व्होरोब्योव्ह (१७८७–१८५५) यांच्या हाताखाली शिकले. सेंट पीटर्सबर्ग हेही नदी आणि कालव्यांचे शहर असून त्या शहराची नेवाकाठची रात्रदृश्ये हा व्होरोब्योव्ह यांचा आवडीचा विषय होता. चंद्राचा प्रकाश पाण्यावर कसा पसरतो आणि इमारतींच्या काळसर आकृत्या त्यात कशा उभ्या राहतात, याचे पहिले पाठ तरुण विद्यार्थ्याला येथे मिळाले.

१८३५ मध्ये समुद्रावरील हवेच्या अभ्यासचित्रासाठी आयवाझोव्स्की यांना रौप्यपदक मिळाले. त्याच सुमारास झार निकोलस पहिला याने बोलावलेल्या फिलिप तान्नर या फ्रेंच सागरचित्रकाराचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. आयवाझोव्स्की यांनी तान्नर यांच्या परवानगीविना अकादमीच्या प्रदर्शनात आपली चित्रे मांडली. तान्नर यांनी थेट झारकडे तक्रार केली आणि झारच्या आज्ञेने ती चित्रे भिंतीवरून उतरवण्यात आली. एकोणीस वर्षांच्या, पाठीशी पैसा वा घराणे नसलेल्या विद्यार्थ्याची कारकीर्द तेथेच संपण्याची भीती होती. काही महिन्यांनी प्राध्यापकांनी रदबदली केल्यावर झारचा राग निवळला आणि त्यांना बाल्टिक आरमाराबरोबर समुद्रप्रवासाची संधी मिळाली. १८३६ च्या प्रदर्शनात त्यांची कवी अलेक्सांद्र पुश्किन यांच्याशी भेट झाली. त्यानंतर काही महिन्यांतच पुश्किन यांचा द्वंद्वयुद्धात मृत्यू झाला.

१८३७ मध्ये सुवर्णपदक मिळवून आयवाझोव्स्की यांनी ठरलेल्या मुदतीच्या दोन वर्षे आधीच शिक्षण पूर्ण केले. अकादमीने त्यांना प्रथम क्रिमियात स्वतंत्र कामासाठी पाठवले. तेथे त्यांनी किनाऱ्यावरील नगरांची चित्रे काढली. १८३९ मधील गुर्झूफच्या चांदण्या रात्रीचे चित्र याच काळातले. त्याच वर्षी कॉकेशसच्या किनाऱ्यावरील आरमारी मोहिमेत ते सहभागी झाले आणि लाझारेव्ह, कोर्निलोव्ह व नाखिमोव्ह या नौदल अधिकाऱ्यांशी त्यांचा परिचय झाला.

इटलीचा प्रवास आणि व्हेनिस

१८४० मध्ये अकादमीने आयवाझोव्स्की यांना शिष्यवृत्ती देऊन युरोपात पाठवले. बर्लिन व व्हिएन्नामार्गे ते व्हेनिसला पोहोचले. सान लाझ्झारो बेटावर अनेक वर्षांच्या ताटातुटीनंतर दोघा भावांची भेट झाली. इंग्रज कवी लॉर्ड बायरन १८१६ मध्ये याच मठात आर्मेनियन भाषा शिकण्यासाठी येत असे. मठाच्या ग्रंथालयात आयवाझोव्स्की यांना आपल्या समाजाचा इतिहास आणि प्राचीन हस्तलिखिते जवळून पाहता आली. त्यांचे कुटुंब ‘गाइवाझोव्स्की’ असे आडनाव लावत असे. या भेटीनंतरच्या काळात, १८४१ च्या सुमारास, चित्रकाराने ‘आयवाझोव्स्की’ हे रूप स्वीकारले आणि पुढे तेच रूढ झाले.

व्हेनिसमध्येच त्यांची ओळख रशियन लेखक निकोलाय गोगोल यांच्याशी झाली. दोघांनी मिळून फ्लॉरेन्सपर्यंत प्रवास केला. पुढे रोम, नेपल्स, सोरेंतो, अमाल्फी आणि काप्री येथे आयवाझोव्स्की यांनी झपाट्याने काम केले. सृष्टीच्या आरंभीचे दृश्य दाखवणारे ‘आदिम अव्यवस्था’ हे त्यांचे चित्र पोप ग्रेगरी सोळावे यांनी व्हॅटिकनसाठी घेतले. पुढे हे चित्र सान लाझ्झारोच्या मठाकडे आले आणि आज ते तेथील संग्रहालयात आहे. नेपल्सच्या उपसागरातील चांदण्या रात्रीचे त्यांचे चित्र पाहून इंग्रज चित्रकार टर्नर इतके प्रभावित झाले की त्यांनी त्यावर कविता रचली, असे सांगितले जाते. १८४३ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. १८४४ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते आणि युरोपातील अनेक राजधान्यांमध्ये त्यांचे नाव झाले होते.

स्मरणातून चित्रण

आयवाझोव्स्की यांच्या कार्यपद्धतीला कलाटणी देणारा प्रसंग इटलीतच घडला. त्यांच्या पूर्वीचे रशियन निसर्गचित्रकार सिल्व्हेस्त्र श्चेद्रिन (१७९१–१८३०) यांनी नेपल्सच्या परिसरातील किनारे व चांदण्या रात्री प्रत्यक्ष पाहून रंगवल्या होत्या. आयवाझोव्स्की यांच्या नंतरच्या आठवणींनुसार, श्चेद्रिन यांनी जेथे बसून चित्र काढले त्याच जागी त्यांनी सुमारे तीन आठवडे बसून बारीकसारीक तपशिलांसह तेच दृश्य रंगवले. त्याच मुक्कामात त्यांनी मावळता सूर्य आणि उगवता चंद्र यांची दृश्ये केवळ स्मरणातून काढली. लोकांनी मेहनतीने केलेल्या हुबेहूब चित्राकडे फारसे लक्ष दिले नाही. स्मरणातून काढलेल्या चित्रांपुढे मात्र गर्दी झाली.

यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष आयुष्यभर टिकला. लाट, वारा, वीज, ढगांआडून क्षणभर येणारा चंद्रप्रकाश या गोष्टी स्थिर राहत नाहीत. कुंचला कागदाला टेकेपर्यंत त्या बदललेल्या असतात. म्हणून चित्रकाराने त्या पाहाव्यात, मनात साठवाव्यात आणि चित्र नंतर स्टुडिओत रंगवावे, असे त्यांचे मत होते. स्थळावर ते पेन्सिलीने किनाऱ्याची व इमारतींची रूपरेषा तेवढी टिपत. फियोदोसियाच्या घरी बांधलेल्या स्टुडिओच्या खिडकीतूनही समुद्र दिसत नसे. ती अंगणाकडे उघडत असे.

चित्राचा आरंभ बहुधा आकाशापासून होई. रंग ओला असतानाच आकाश शक्यतो एका बैठकीत पुरे केले जाई, म्हणजे प्रकाशाच्या छटा एकमेकींत मिसळत. पाण्यासाठी पातळ, पारदर्शक रंगाचे थर एकावर एक दिले जात आणि खालचा थर वरच्यातून उजळत राही. चंद्राचे प्रतिबिंब पडलेल्या जागी मात्र दाट, फिकट रंगाचे छोटे फटकारे दिले जात. हे काम ते विलक्षण वेगाने करीत. उतारवयात अकादमीतील विद्यार्थ्यांसमोर त्यांनी दोन तासांच्या आत एक सागरचित्र पूर्ण करून दाखवले होते.

व्हेनिसची चांदणी चित्रे

व्हेनिस शहर समुद्रापासून वाळूच्या बांधांनी वेगळ्या झालेल्या उथळ खारकच्छात वसलेले आहे. ते पाहणारे बहुतेक चित्रकार शहराच्या आत शिरून कालवे, पूल, चौक आणि माणसांची वर्दळ रंगवत. अठराव्या शतकात कानालेत्तो या व्हेनिसच्याच चित्रकाराने दिवसाच्या स्वच्छ उजेडातील, मोजून मापून काढलेली अशी दृश्ये युरोपभर लोकप्रिय केली होती. आयवाझोव्स्की यांनी याच्या उलट बाजूने शहराकडे पाहिले. ते मुळात समुद्राचे चित्रकार होते आणि त्यांच्या चित्रांतील व्हेनिस बहुधा पाण्यावरून, नावेत बसलेल्या माणसाला दिसावे तसे दिसते. सान लाझ्झारोच्या मठातून शहराकडे जाणाऱ्यालाही ते असेच, खारकच्छापलीकडे, हळूहळू उघडत जाताना दिसते.

या चित्रांची रचना साधी असते. क्षितिज खाली ठेवलेले असते आणि अर्ध्याहून अधिक चित्र आकाशाने व्यापलेले असते. चंद्र बहुधा विरळ ढगांत असतो आणि त्याच्याखाली पाण्यावर प्रकाशाचा तुटक पट्टा प्रेक्षकाकडे येतो. दूरवर ड्यूकचा राजवाडा, सान मार्कोचा घंटामनोरा, सान जोर्जो माज्जोरे किंवा सांता मारिया देल्ला सालूते या चर्चचा घुमट ओळखू येतो. पण खिडक्या, कोरीवकाम असे तपशील चांदण्यात विरघळलेले असतात. पुढच्या भागात एखादा गोंडोला आणि त्यातील माणसांच्या काळ्या आकृत्या असतात. दिवसा असंख्य रंगांनी भरलेले शहर येथे निळसर हिरवा, करडा आणि फिकट पिवळा अशा मोजक्या छटांत उतरते.

व्हेनिसवरील आरंभीची चित्रे इटलीच्या वास्तव्यातलीच आहेत. रात्रीच्या समुद्रावरील गोंडोलाचालकाचे १८४३ मधील चित्र रशियातील कझान येथील संग्रहालयात आहे. सान लाझ्झारो बेटावरील मेखितारी भिक्षूंचे त्याच वर्षीचे चित्र आर्मेनियाची राजधानी येरेव्हान येथे आहे. सान जोर्जो बेटाचे खारकच्छातून दिसणारे दृश्य (१८४४) मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयात आहे. व्हेनिस सोडल्यानंतरही हा विषय त्यांनी सोडला नाही. पुढील अनेक दशके क्रिमियातील स्टुडिओत, जुन्या रेखाटनांच्या आणि स्मरणाच्या बळावर, ते या शहराची चित्रे काढत राहिले. त्यामुळे या चित्रांतील व्हेनिस एखाद्या विशिष्ट तारखेचे नाही. ज्या काळात शहरात वाफेची जहाजे आणि आगगाडीने येणारे प्रवासी वाढत होते, त्या काळातही त्यांच्या चित्रांत तरुणपणी पाहिलेली शांत खारकच्छाची रात्र कायम राहिली.

नौदलाचे चित्रकार

परतल्यावर आयवाझोव्स्की यांची रशियन नौदलाच्या मुख्यालयाचे चित्रकार म्हणून नेमणूक झाली. १८४५ मध्ये आरमारी सफरीबरोबर ते भूमध्य समुद्र आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्यांवर गेले. कॉन्स्टँटिनोपलच्या चांदण्या रात्रीचे १८४६ मधील प्रसिद्ध चित्र या प्रवासाचे फलित होय. त्यात व्हेनिसच्या चित्रांमधील रचना दुसऱ्या शहरावर योजलेली दिसते. १८४७ मध्ये ते अकादमीचे प्राध्यापक झाले. क्रिमियन युद्धाच्या काळात (१८५३–१८५६) वेढा पडलेल्या सेव्हास्तोपोलमध्ये जाऊन त्यांनी रेखाटने केली. १८५७ मध्ये फ्रान्सने त्यांना ‘लेजियन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला. १८६९ मध्ये सुवेझ कालव्याच्या उद्घाटनासाठी ते इजिप्तला गेले होते, तर १८९२ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी अमेरिकेला जाऊन नायगारा धबधबा पाहिला.

फियोदोसियातील जीवन

राजधानीतील मानसन्मान हाताशी असताना आयवाझोव्स्की यांनी १८४५ पासून आपल्या जन्मगावी घर बांधून तेथेच राहण्याचा निर्णय घेतला. १८४८ मध्ये त्यांचा विवाह ज्यूलिया ग्रेव्ह्स या इंग्रज शिक्षिकेशी झाला. त्यांना चार मुली झाल्या; परंतु पत्नीला लहान गावातील जीवन मानवले नाही. दोघे दीर्घकाळ वेगळे राहिले आणि १८७७ मध्ये विवाह कायद्याने संपुष्टात आला. १८८२ मध्ये त्यांनी ॲना बुर्नाझ्यान या आर्मेनियन विधवेशी दुसरा विवाह केला.

फियोदोसियाच्या विकासात त्यांचा वाटा मोठा होता. त्यांनी तेथे चित्रकलेचे वर्ग सुरू केले, पुराणवस्तू संग्रहालयाची इमारत उभारली आणि १८८० मध्ये आपल्या घराला जोडून चित्रदालन खुले केले. शहरात पिण्याच्या पाण्याचे दुर्भिक्ष होते. आयवाझोव्स्की यांनी आपल्या मालकीच्या सुबाश येथील झऱ्याचे दररोज ५०,००० बादल्या पाणी शहराला दिले आणि १८८८ मध्ये ते नळाने फियोदोसियात पोहोचले. शहराला लोहमार्गाने जोडण्यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. १८९२ मध्ये रेल्वे सुरू झाली.

टीका आणि प्रभाव

आयुष्याच्या उत्तरार्धात आयवाझोव्स्की यांच्या पद्धतीवर कठोर टीका झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियात वास्तववादी चित्रकलेचा जोर वाढला. उघड्यावर बसून, प्रत्यक्ष पाहून रंगवणे हाच प्रामाणिकपणा, असे नवे चित्रकार मानू लागले. या दृष्टीने पाहता स्मरणातून भराभर काढलेली चित्रे हा सोपा मार्ग ठरे. तोच चंद्र, तोच प्रकाशाचा पट्टा, त्याच नावा पुन्हा पुन्हा येतात, हा आक्षेप निराधार नव्हता. एवढ्या प्रचंड संख्येतील काही चित्रे केवळ मागणी पुरवण्यासाठी केलेली वाटतात. मानवाकृती रंगवण्यात त्यांचा हात कच्चा होता, हे ते स्वतःही जाणून होते. १८७७ मध्ये पुश्किन समुद्राचा निरोप घेत असल्याचे चित्र करताना त्यांनी समुद्र रंगवला आणि पुश्किन यांची आकृती इल्या रेपिन यांच्याकडून काढून घेतली.

तथापि, याच पद्धतीचा ठसा पुढच्या पिढीवर उमटला. १८५५ च्या सुमारास आर्खिप कुइंजी हा गरीब तरुण शिकण्याच्या आशेने फियोदोसियाला आला. त्याला प्रत्यक्ष मार्गदर्शन आयवाझोव्स्की यांच्यापेक्षा त्यांच्या शिष्याकडूनच अधिक मिळाले. परंतु १८८० मध्ये कुइंजी यांनी नीपर नदीवरील चांदण्या रात्रीचे चित्र अंधाऱ्या दालनात एकटेच मांडले, तेव्हा चित्रामागे दिवा ठेवला असावा अशी शंका प्रेक्षकांना आली. रशियन चित्रकलेतील चांदण्याची ही परंपरा व्होरोब्योव्ह आणि श्चेद्रिन यांच्यापासून आयवाझोव्स्की यांच्यामार्फत कुइंजी यांच्यापर्यंत पोहोचते.

अखेरची वर्षे

ऑटोमन सुलतानांनी आयवाझोव्स्की यांच्याकडून अनेक चित्रे घेतली होती आणि त्यांना मानाची पदके दिली होती. १८९४ ते १८९६ या काळात ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांच्या कत्तली झाल्या. वृद्ध चित्रकाराने त्या विषयावर चित्रे काढली आणि सुलतानाकडून मिळालेली पदके समुद्रात फेकून दिली. निर्वासित आर्मेनियनांना आश्रय मिळवून देण्यासाठीही त्यांनी खटपट केली.

१८९८ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी ‘लाटांमध्ये’ हे भव्य चित्र पूर्ण केले. त्यात ना जहाज आहे, ना किनारा. केवळ लाटा आणि प्रकाश आहे. १८९९ मध्ये ते पुन्हा एकदा व्हेनिसकडे वळले. सान लाझ्झारो बेटावर बायरन यांचे मेखितारी भिक्षू स्वागत करीत आहेत, असे चित्र त्यांनी काढले. भावाच्या भेटीला जवळजवळ साठ वर्षे लोटली होती आणि भाऊही हयात नव्हता. तरी बेटाचा किनारा, मठ आणि पाणी त्यांच्या स्मरणात होते. हे चित्र येरेव्हान येथील राष्ट्रीय चित्रसंग्रहालयात आहे.

२ मे १९०० रोजी फियोदोसिया येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्या वेळी एका तुर्की जहाजाच्या स्फोटाचे अपुरे चित्र त्यांच्या चित्रफलकावर होते. ज्या आर्मेनियन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्याच चर्चच्या आवारात त्यांना पुरण्यात आले.

वारसा

आयवाझोव्स्की यांनी आपले चित्रदालन मृत्युपत्राने फियोदोसिया शहराला दिले. त्यांच्या चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह आजही तेथेच आहे. १९३० मध्ये दालनासमोर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग, येरेव्हान आणि इस्तंबूल येथेही त्यांची चित्रे मोठ्या संख्येने आहेत.

त्यांचे राष्ट्रीयत्व हा अलीकडे वादाचा विषय झाला आहे. जन्म रशियन साम्राज्यात, कुटुंब आर्मेनियन आणि जन्मगाव क्रिमियातील, अशी त्यांची ओळख आहे. २०१४ पासून क्रिमिया रशियाच्या ताब्यात असून आंतरराष्ट्रीय समुदायातील बहुसंख्य देश तो युक्रेनचाच भाग मानतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने त्यांच्या नावापुढील ‘रशियन’ हा उल्लेख बदलून प्रथम ‘युक्रेनियन’ आणि नंतर ‘आर्मेनियन’ असा केला. रशिया, आर्मेनिया आणि युक्रेन हे तिन्ही देश त्यांच्यावर हक्क सांगतात. त्यांची व्हेनिसची चित्रे मात्र या तिन्ही देशांबाहेरची आहेत. क्रिमियात बसून काढलेल्या त्या चांदण्या रात्रींमध्ये रशियन अकादमीत मिळालेले शिक्षण, आर्मेनियन मठाची ओढ आणि काळ्या समुद्राकाठी जन्मलेल्या माणसाची पाण्याकडे पाहण्याची नजर एकत्र आली आहे.